वहिनी हजर

मी कोरा पेपर दिला होता, आणि मी पास झाले. निकाल बुद्धप्रियानं, माझ्या मुलीनं, तिच्या मोबाईलवर पाहिला. मी ओट्यापाशी भेंडी चिरत होते. "आई, बासष्ट! बीए झालीस तू, फर्स्ट क्लासमध्ये!" असं ओरडत ती मागून माझ्या गळ्यात पडली तेव्हा चाकू बोटाला लागता लागता राहिला. आधी वाटलं, पोरीनं घाईत दुसऱ्याच कुणाचा नंबर टाकला. हात पदराला पुसून मी मोबाईल घेतला. नाव माझंच होतं. महामाया आनंदराज. विषय भारतीय राज्यघटना, गुण बासष्ट. ज्या पेपरात बैठक क्रमांकाखेरीज मी एक अक्षर लिहिलं नव्हतं, त्याला कुणीतरी बासष्ट गुण दिले होते. देणाऱ्यानं विचार करून दिले असणार. फार दिले तर डोळ्यांवर येतात, काठावर दिले तर ओळखीचा मान राहत नाही. बासष्ट म्हणजे घरी पेढे वाटता येतील इतके. आणि पेपर कुठला, तर राज्यघटनेचा. हसावं की काय करावं ते कळेना. मी पुन्हा भेंडी चिरायला लागले. बुद्धप्रिया म्हणाली, "अगं, जरा तरी खूश हो की." मी म्हणाले, "झाले." तिनं तोवर तिच्या पप्पांना नांदेडला फोन लावलासुद्धा होता.

लातूरच्या ह्या खोलीत मी आले ती पदवीसाठी नव्हे, डब्यासाठी. आमच्याकडं पोरगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली की घरातली बाई तिच्यासोबत लातूरला खोली करून राहते. पोरं क्लासला जातात, बाया स्वयंपाक करतात, टँकरची वाट बघतात आणि जिन्यात बसून एकमेकींच्या पोरांचे टेस्टचे मार्क विचारतात. आमच्या जिन्यात उदगीरची एक होती, धर्माबादची एक, माहूरची एक. सगळ्यांचे नवरे गावाकडं, महिन्यातून दोनदा ज्वारी आणि तूप घेऊन येणारे. मला ते जिन्यातलं बसणं मानवेना. सकाळी पोरगी गेली की दुपारभर खोलीत नुसता भिंतीवरच्या कागदांचा फडफडाट. बुद्धप्रियानं सगळ्या भिंतींवर रसायनशास्त्राची सूत्रं चिकटवली होती, देवळीतल्या बाबासाहेबांच्या फोटोभोवतीसुद्धा. एका दुपारी ती सूत्रं वाचता वाचता मला कळलं की मला रडू येतंय, आणि ते सूत्रं समजत नाहीत म्हणून नाही. त्या रविवारी माझा नवरा आनंदराज आला तेव्हा मी त्याला म्हणाले, मला बीए पुरं करायचंय. तो जेवत होता. घास हातात धरून त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. हे मला आजही खोटं वाटत नाही. "करू की," तो म्हणाला. "मीच तुला थांबवलं होतं. मीच पुरं करून देतो." करून देतो, हा शब्द मी तेव्हा ऐकला, आणि मला वेडीला तो प्रेमाचा वाटला.

लग्न झालं तेव्हा मी नांदेडला बीएचं पहिलं वर्ष पास झाले होते. आनंदराजला पाटबंधारे खात्यात नुकतीच कारकुनी लागली होती. बघायला आला तेव्हाच म्हणाला होता, शिक्षण थांबणार नाही. मग बदल्या झाल्या, धर्माबाद, लोहा, परत नांदेड. मग त्याच्या खात्याच्या परीक्षा. तो थकून यायचा, म्हणून मी पुस्तकं वाचून त्याला नियम समजावून सांगायचे, तो पाय चेपून घेत ऐकायचा आणि मधेच म्हणायचा, "तू असतीस ना परीक्षेला, पहिली आली असतीस." मग बरीच वर्षं मूल नाही, मग दवाखाने, मग उशिरानं बुद्धप्रिया. मी किती हुशार आहे ते ह्या जगात सगळ्यात जास्त जर कुणाला ठाऊक असेल तर त्याला. तेच मला समजत नाही. ज्याला ठाऊक नव्हतं त्यानं हे केलं असतं तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

माझं पहिल्या वर्षाचं जुनं शिक्षण त्यानंच खेटे घालून मान्य करून आणलं. सरळ दुसऱ्या वर्षाला प्रवेश. कॉलेज त्याच्या वसतिगृहातल्या मित्राचं, म्हणजे मित्र तिथं राज्यशास्त्र शिकवायचा. संघपाल सर. भला माणूस, मऊ बोलायचा, आमच्याकडं भाकरी खाऊन गेलेला. पहिल्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून, नवी पर्स नको म्हणून बुद्धप्रियाची जुनी सॅक घेऊन गेले. वर्गात तीन मुली आणि झोपाळलेला एक मुलगा. बाकी सगळे फक्त परीक्षेला येतात, असं त्या मुलींनी सांगितलं आणि मला विचारलं, "काकू, तुम्ही रोज येणार?" त्या विचारण्यात काळजी होती. मी रोज आले तर सरांना रोज शिकवावं लागणार होतं. सर आले, हजेरी घ्यायला लागले, आणि माझ्या नावापाशी थांबून हसले. म्हणाले, "वहिनी हजर." मुली खुदकन हसल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी तास संपल्यावर म्हणाले, सर, वर्गात मला नावानं हाक मारा. त्यांनी जीभ चावली. "मित्राच्या बायकोला एकेरी हाक मारू का, वहिनी? जमणार न्हाई." दोन वर्षं मी वहिनी म्हणून हजर राहिले. कधी वर्गात मी एकटीच असायचे. मग सर खुर्ची पुढं ओढून थोडं बोलायचे, मी वहीत लिहून घ्यायचे, आणि ते घड्याळाकडं बघून म्हणायचे, "वहिनी, एवढ्या उन्हात कशाला त्रास घेता? परीक्षेपुरतं आलात तरी चालतंय." मला तो मोठेपणा वाटायचा. मी म्हणायचे, नाही सर, मला आवडतं.

आणि आवडत होतंच. हे मी कुणालाही हिरावू देणार नाही असं मनात म्हणते, आणि म्हणता म्हणता ते हातातून निसटतं. रात्रीची जेवणं झाली की बुद्धप्रिया पलंगाच्या ह्या बाजूला आणि मी त्या बाजूला, मध्ये एकच दिवा. ती जीवशास्त्र, मी राज्यशास्त्र. माझं डोकं गंजलेलं होतं. एक पान चारदा वाचायला लागायचं. मग एका रात्री मी पान वाचलं आणि ते पहिल्या फटक्यात आत गेलं. विसाव्या वर्षी जायचं तसं. मी उठून पाणी प्याले, परत येऊन बसले, आणि पुढचंही गेलं. मी बुद्धप्रियाला सांगितलं तर ती डोकं वर न काढता "हूं" म्हणाली. त्या सत्रात मला अठ्ठ्याहत्तर मिळाले. मी जिन्यातल्या सगळ्या बायांना पेढे दिले. उदगीरची बाई म्हणाली, "तुमच्यात सवलत असते ना मार्कांची?" मी शांतपणे सांगितलं, पेपर तपासणाऱ्याला जात दिसत नसते, बाई. नंबर दिसतो. मला तेव्हा इतकं बरं वाटलं होतं की आता ते आठवलं तरी अंग आक्रसतं.

असल्या बोलण्याची मला लहानपणापासून सवय होती, आणि त्यावरचा इलाज माझ्या बाबांनी काढून ठेवला होता. बाबा, मारोती त्यांचं नाव, नांदेडला गिरणीत होते. विद्यापीठाच्या नामांतरासाठी तुरुंगात जाऊन आलेले. मी पहिल्या वर्षाच्या परीक्षेला बसले तेव्हा केंद्रावर जत्रा असायची. पोरांचे भाऊ, मामा, मित्र भिंतीवर चढलेले, खिडकीतून दगडाला बांधलेल्या चिठ्ठ्या आत पडायच्या. एक दगड माझ्या बाकावर येऊन शाई सांडली होती. बाबा गिरणीतून रजा टाकून मला सोडायला यायचे आणि पेपर सुटेपर्यंत फाटकासमोर उभे राहायचे, इमारतीकडं पाठ करून. सावलीत नाही, भिंतीपाशी नाही. मधोमध, उन्हात, सगळ्यांना दिसतील असे. पोलीसही त्यांना हसायचे. मी खिडकीतून बघायचे तर बाबांची पाठ. पांढऱ्या सदऱ्यावर घामाचा डाग पसरत जायचा आणि माझा पेपर पुढं सरकायचा. एकदा मी विचारलं, "बाबा, असं उलटं का उभं ऱ्हाता?" ते म्हणाले, "उद्या कुणी म्हणू ने की मारोतीनं पोरीला कागद फेकला. आपले मार्क लोक आधीच हिसकायला बसलेले हायत, माय. आपण कारण द्यायचं न्हाई." म्हणून लोकांनी शंका घेतली तरी मी कधी घेतली नव्हती. माझे मार्क माझे आहेत हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

शेवटच्या सत्रातला एक पेपर राहिला होता. त्या दिवशी बुद्धप्रियाला डेंगी झाला होता. तिचंही मेडिकलच्या परीक्षेचं वर्ष त्यात गेलं आणि माझाही पेपर. ती पुन्हा तयारीला लागली, मी हिवाळ्यात तो पेपर द्यायला गेले. घटना मला पाठ होती, पाठ म्हणजे घोकलेली नव्हे, समजलेली. प्रश्नपत्रिका हातात आली आणि पाचही प्रश्न ओळखीचे निघाले. पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात पर्यवेक्षक माझ्या बाकापाशी आले. तरुण होते, शर्टाला अत्तराचा वास. त्यांनी उत्तरपत्रिकेखाली काहीतरी सारलं आणि वाकून म्हणाले, "संघपाल सरांनी सांगितलंय मॅडम. नेहमीप्रमाणं. बघून लिहा, घाई न्हाई." झेरॉक्सची पानं होती. अजून कोमट होती. मी त्यांच्याकडं बघत राहिले. नेहमीप्रमाणं म्हणजे काय? मला तर कुणी कधी पानं दिली नव्हती. मग लक्षात आलं की आधीच्या वेळी माझं काम परीक्षेच्या खोलीत झालं नसेल; ते नंतर, जिथं पेपर तपासतात तिथं झालं असेल. मी पानं परत केली. ते म्हणाले, "ठीकंय, तुमची मर्जी. तुमचं काय अडत न्हाई." आणि पुढं गेले.

मग माझा हात चालेना. पहिलं उत्तर डोक्यात उभं होतं, शब्दान् शब्द. पण ते कागदावर उतरवून काय होणार होतं? मी चांगलं लिहिलं काय आणि वाईट लिहिलं काय, कुणी वाचणार नसेल तर ते लिहिणं कुणासाठी? मी खिडकीकडं पाहिलं. खिडकीबाहेर पार्किंग होतं आणि कडुलिंबाचं झाड. पाठ करून कुणी उभं नव्हतं. मग मी ठरवलं की नापास व्हायचं. एकदा स्वच्छ नापास व्हायचं म्हणजे कळेल की तिकडं कुणीतरी बसून खरंच तपासतंय, आणि मग उन्हाळ्यात पुन्हा देता येईल, आणि अठ्ठ्याहत्तरही माझे राहतील. घंटा होईपर्यंत मी कोऱ्या कागदावर हात ठेवून बसले. घरी कुणाला सांगितलं नाही. निकाल लांबला, नेहमीसारखा. ते सगळे महिने मी नापास होण्याची वाट बघत होते. आयुष्यात कुठल्या निकालाची इतकी वाट बघितली नाही.

आनंदराज दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आला. हातात पेढ्यांचा बॉक्स, दुसऱ्या हातात निशिगंधाचा हार. जिन्यातच बायांना पेढे वाटत वर आला. हार माझ्या गळ्यात घालायला लागला तेव्हा मी तो हातात घेतला. "पोरीच्या परीक्षेनंतरच्या रविवारी आपल्या विहारात सत्कार ठेवलाय तुझा," तो म्हणाला. "संघपाल येऊन राहिला. लोह्याहून तुझी आईपण येणार हाय. तुला बोलावं लागंल चार शब्द."

"अहो, तुम्ही सरांना काही सांगितलं होतं का?"

"कशाबद्दल?"

"माझ्या पेपरांबद्दल."

तो हसला. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. "सांगितलं म्हंजे काय? ॲडमिशनच्या वेळंला एवढंच म्हणलो, बाबा, घरातलं मानूस हाय, सांभाळून घे. सगळेच सांगतेत."

"मी कोरा पेपर दिला होता."

बुद्धप्रिया मोबाईलमधून डोकं वर काढून बघायला लागली. आनंदराजनं पेढ्याचा बॉक्स ओट्यावर ठेवला. मला वाटलं, आता ह्याला कळेल. मी खरंच वाट बघितली. मग तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घाबरली असशील. होतं ह्या वयात. बघ, मग बरंच झालं की न्हाई सांगून ठेवलेलं? न्हाई तर एवढ्या जवळ येऊन नापास झाली असतीस."

मी त्याचा हात खाली केला. विचारलं, "अठ्ठ्याहत्तर मिळाले होते ते?"

"ते तुझेच असतील की. हुशारच हायस तू."

"असतील?"

"आता मला काय म्हाईत? दर वेळंला थोडंच सांगावं लागतंय. एकदा सांगितलं की झालं." मग त्याला राग आला. माझ्यासाठी इतकं केलेल्या माणसाला येतो तसा. "मी काय चोरी केली का? लोक बायकोला सोनं घेतेत. मी तुला तुझं राह्यलेलं शिक्षण पुरं करून दिलं."

बुद्धप्रिया हळूच म्हणाली, "आई, पप्पा सरांशी बोलले होते ते मला म्हाईत होतं. मला वाटलं, तुलापण म्हाईत असंल." म्हणजे दिव्याच्या त्या बाजूला ती अभ्यास करत होती, ह्या बाजूला मी, आणि माझा अभ्यास तिच्या दृष्टीनं आईचा वेळ जावा म्हणून चाललेलं काहीतरी होतं. "हूं" म्हणाली होती ती.

मी कॉलेजात गेले. संघपाल सर पार्किंगमध्येच भेटले, हेल्मेट काढत होते. मी म्हणाले, "सर, खरं सांगा. माझा कुठला पेपर माझा होता?" त्यांना प्रश्न समजला. माझ्याकडं न बघता ते हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिले. "वहिनी, तुम्ही चांगलंच लिहिलं असणार. पण तपासायला देताना नंबर सांगून ठेवलेला असतो. तपासणारा वाचून मार्क देतो, का न वाचता देतो, हे आम्ही तरी कुठं बघायला जातो?" मग एकदम कळवळून म्हणाले, "आनंदराजनं वसतिगृहात मला स्वतःच्या ताटातलं दिलेलं हाय. त्याचा एवढा शब्द मी पाडू का?" त्यांचेही डोळे भरून आले होते. मला इतके रडके, भले पुरुष नको झाले होते. त्यातला एक जरी लबाड असता तरी मला भांडता आलं असतं. पहिल्या वर्षाचे मार्क तेवढे खात्रीनं माझे. बाकी दोन वर्षं मी वर्गात होते की नव्हते, हे आता मलाही सांगता येत नाही. घरी आल्यावर मी सॅक धुऊन बुद्धप्रियाच्या खिळ्याला अडकवली आणि सत्काराला येणार नाही असं आनंदराजला सांगितलं. तो म्हणाला, परीक्षा झाल्यावर बोलू, पोरीचं डोकं खराब करू नको.

परीक्षा बुद्धप्रियाची, मेडिकलची, सत्काराच्या आधीच्या रविवारी. आनंदराज भाड्याची गाडी घेऊन आला होता. केंद्र शहराबाहेर होतं. फाटकापाशी आई-बाप दाटीवाटीनं उभे, कुणी मुलीच्या कानातलं काढतंय, कुणी पाण्याची बाटली परत घेतंय. बुद्धप्रिया रांगेत जाऊन उभी राहिली आणि मग रांग सोडून परत आली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. गेले काही दिवस ती रात्री दिवा लावून बसायची पण पान उलटल्याचा आवाज यायचा नाही. मला ऐकू यायचं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं बापाला विचारलं, "पप्पा, माझ्यासाठी कुणाला काही सांगितलं न्हाई ना?"

आनंदराज मोठ्यानं हसला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. "अगं येडी हायस का? इथं कुणाचं काय चालत न्हाई. चाललं असतं तर..." आणि हसत हसतच त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

ती हलली नाही. तिनं ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं. तो नाही म्हणाला नव्हता; चालत नाही म्हणाला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं. लहानपणी ताप आला की बघायची तसं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई, तू आजोबासारखी उभी ऱ्हाशील का?" ती गोष्ट मी तिला कधीतरी सांगितली होती. तिनं ऐकली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी "हाव" म्हणाले. ती रांगेत गेली, तिचे हात, केस, बूट तपासले, आणि आत दिसेनाशी झाली.

मी फाटकासमोर मधोमध जाऊन उभी राहिले. इमारतीकडं पाठ केली. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. आणि पाठ केल्या केल्या मला समोर दिसला आनंदराज, झाडाखाली, कुणातरी ओळखीच्या माणसाशी हात मिळवत. बाबांनी पाठ फिरवली होती ती लोकांनी बघावी म्हणून. त्यांच्यासमोर उभ्या माणसांत त्यांचं घरचं कुणी नव्हतं. मी दोन वर्षं वहीत डोकं घालून बसले, तेव्हाही माझी पाठच फिरलेली होती आणि तिच्यामागं जे चाललं होतं ते मला दिसलं नाही. आता पाठ आणि तोंड दोन्हींचं काम होतं.

मी आनंदराजकडं बघत राहिले. तो माणूस निघून गेला. आनंदराजनं रुमालानं मान पुसली, माझ्याकडं बघून हात केला, "इकडं सावलीत ये की." मी गेले नाही. नजरही काढली नाही. त्याला आधी हसू आलं, मग तो अवघडला, इकडंतिकडं बघायला लागला, झाडाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. मी दोन पावलं सरकून तो दिसेल अशी उभी राहिले. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला. कदाचित वेळ बघत असेल. कदाचित नांदेडला सत्काराच्या हाराचं सांगत असेल. मला कळायला मार्ग नव्हता आणि ह्यापुढं कधीच नसणार होता. मी चालत त्याच्यापाशी गेले आणि हात पुढं केला.

"काय?"

"मोबाईल द्या. पेपर सुटल्यावर देते."

"माझ्यावर विश्वास न्हाई का तुझा?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज खरंच दुखावलेला होता.

मी हात तसाच ठेवला. त्यानं मोबाईल दिला. तो पदरात बांधून मी परत उन्हात जाऊन उभी राहिले.